खोली क्रमांक चार नटते

संस्थेच्या तळमजल्यावरच्या खोली क्रमांक चारला आता दार नाही.

हे वाक्य वाचलं असेल तर कृपया विसरून जा. तसं काही घडलेलं नाही. संस्थेच्या दप्तरात त्या दिवशी 'नेहमीप्रमाणे अध्यापन झाले' अशी नोंद आहे आणि नोंदीखाली माझी सही आहे. ती सही जुळत नाही हा वेगळा विषय आहे, त्याच्याकडे मी येणारच आहे. तर, जे घडलंच नाही ते कसं घडलं, ते सांगतो.

मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवतो. संध्याकाळी पाच ते साडेसहा. तीन वर्षं झाली, आणि तीनही वर्षं मी 'तात्पुरता' आहे. तात्पुरत्या माणसाचं ओळखपत्र पुठ्ठ्याचं असतं. कायम माणसाचं प्लास्टिकचं असतं आणि ते गळ्यात मिरवता येतं. पुठ्ठ्याचं खिशात ठेवावं लागतं, आणि ते धुण्यात गेलं की माणूस संस्थेला पुन्हा अनोळखी होतो. माझं दोनदा गेलं. दुसऱ्या खेपेला आमच्या आत्याने तो लगदा उन्हात वाळवून वर इस्त्री फिरवली. त्यानंतर तीन महिने मी त्या फोटोत माझ्याच आजोबांसारखा दिसत होतो, आणि फाटकावरचा पहारेकरी मला रोज वाकून नमस्कार करत होता.

यंदा मात्र नियम बदलला. तपासणीत ज्याचा वर्ग 'उत्तम' ठरेल तो कायम. बाकीच्यांना महिनाअखेर नारळ. मी घरी हे सांगितलं तेव्हा आत्याने अर्धंच ऐकलं आणि सगळ्या नातेवाइकांना फोन करून मी कायम झाल्याचं कळवून टाकलं.

"अगं आत्या, अजून तपासणी व्हायची आहे!"

"मग? झाल्यावर पुन्हा एवढे फोन कोण करणार?"

म्हणजे आता मला कायम होणं भाग होतं. नाहीतर आत्या खोटी पडली असती, आणि आमच्या घरात खोटं पडलेल्या आत्याबरोबर राहण्यापेक्षा लोक बेकारी पत्करतात.

तपासणी गुरुवारी होती, आणि गुरुवारी येत होता धडा नववा. नटणं आणि सजवणं. आपल्याकडे माणूस नटतो, घर सजतं, विषय संपतो. इंग्रजी माणसाचं एवढ्यावर भागत नाही. त्याच्या क्रियापदाला मागून एक शेपूट लागतं. खोली सजवायची तर 'डू अप'. माणूस नटायचा तर 'ड्रेस अप'. जरा जास्तच नटायचा तर 'डॉल अप'. टापटीप करायची तर 'स्प्रूस अप'. कुठे टवका उडाला असेल तर तेवढ्यापुरता रंग लावायचा, ते 'टच अप'. आणि एखादी गोष्ट कागद चिकटवून झाकायची असेल तर 'पेपर ओव्हर'. नवव्या धड्यात अशी बावीस होती. वर्गाला त्यातलं 'अप' तेवढं पाठ झालं होतं.

वर्ग म्हणजे पटावर अकरा आणि प्रत्यक्षात तीन. उरलेले आठ जण नाव नोंदवूनच सुधारले.

पहिला रंगारी. त्याला एकदा परदेशी गिऱ्हाइकाने भिंत 'टच अप' करायला सांगितली, तर हा शिडीवर चढला, जमेल तितक्या उंचावर भिंतीला हात लावला आणि घरी आला. तेव्हापासून तो भाषेच्या बाबतीत गंभीर आहे. दुसऱ्या शिंपीणबाई. या नाटकांचे कपडे शिवतात. त्यांची सून फोनवर इंग्रजीत काहीतरी बोलते आणि मुलगा हसतो. "तो का हसतो तेवढं कळलं की मी वर्ग सोडला," असं त्यांनी प्रवेशअर्जात 'उद्दिष्ट' या रकान्यात लिहिलं आहे. तिसरे पोस्टमास्तर, सेवानिवृत्त. त्यांचं इंग्रजी चोख आहे, फक्त प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'विथ ड्यू रिस्पेक्ट' लागतं. मांजराला हाकलतानासुद्धा.

बावीस क्रियापदं या तिघांच्या डोक्यात चार दिवसांत कशी घालावी, हा प्रश्न मी घरी बोलून दाखवला. ही माझी पहिली चूक. खालच्या मजल्यावरचे काका त्या वेळी नेमके आमचं वर्तमानपत्र वाचायला वर आले होते. काका ते वाचतात आणि आम्हाला सांगतात, त्यामुळे आम्ही वाचत नाही.

"करून दाखव रे," काका म्हणाले. "मी पोहायला तसाच शिकलो. पुस्तक नाही, फळा नाही. थेट पाण्यात."

"म्हणजे काका, तुम्हाला पोहता येतं?"

"येत नाही. पण काय काय येत नाही ते अजून पाठ आहे."

"त्यांचं खरं आहे," विणता विणता आत्या म्हणाली. "हात चालला की डोकं चालतं. माझा हात थांबला की मला एकच आठवतं, तुझं लग्न ठरत नाही ते."

"म्हणून तू स्वेटर संपवत नाहीस का?"

"तुझ्यासाठीच विणतेय. तू रुंद होतोस त्याला मी काय करू?"

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ते सल्ला गंभीर झाला की घडी घालतात. "आणि एक लक्षात ठेव. मध्ये कुणाला सोडायचं नाही. बरोबर येईपर्यंत हात थांबता कामा नये. पाण्यात थांबला तो संपला."

"तुम्ही थांबलात?"

"मला काढलं."

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तीन नियम लिहिले. एक, जे बोलायचं ते करत करत बोलायचं. दोन, वाक्य बरोबर आल्याशिवाय हात थांबवायचा नाही. तीन, बरोबर आलं की नाही हे फक्त सर सांगतील. तिसरा नियम मी निव्वळ स्वतःच्या मानासाठी घातला, हे आता कबूल करायला हरकत नाही. संस्थेत मला दुसरं काहीच ठरवता येत नव्हतं. माझ्या वर्गातल्या पंख्याचा वेगसुद्धा शिपाईमामा ठरवत असत, आणि तेही स्वतःच्या खोकल्यावरून.

तिघांनी नियमांखाली सह्या केल्या. पोस्टमास्तरांनी तारीखही घातली.

मंगळवारी छोटा प्रयोग केला. बुटाची नाडी बांधणं यालाही इंग्रजीत 'डू अप'च म्हणतात, म्हणून मी पोस्टमास्तरांना नाडी बांधायला बसवलं. 'विथ ड्यू रिस्पेक्ट' झाल्यावर पुढे कुणाला उद्देशून बोलायचं, याचा त्यांना निर्णय होईना. वाक्य बरोबर आलं तेव्हा नाडीला एकोणीस गाठी बसल्या होत्या. तो बूट अजून पायातच आहे, असं त्यांच्या घरून कळतं. पण वाक्य पाठ झालं! झोपेत विचारा, सांगतील. बूट घालूनच झोपतात.

पद्धत चालते हे सिद्ध झालं. आता गुरुवारी सगळी खोलीच सजवायची, असं मी ठरवलं. खोली क्रमांक चार म्हणजे ओल आलेल्या चार भिंती, एक टेबल, चार बाक आणि मागच्या बागेकडे उघडणारी एक खिडकी. कागदाच्या चार पताका लावाव्यात, एवढाच माझा विचार होता. पताकेला खिळा लागतो. खिळ्यासाठी मी हेडक्लार्ककडे गेलो.

"खिळा?" त्यांनी चष्मा काढला. "खिळा म्हणजे बांधकाम. बांधकाम म्हटलं की अभियंत्याचा अभिप्राय. अभियंत्याचं पद रिकामं आहे."

"कधीपासून?"

"इमारत झाल्यापासून."

"मग चिकटवू का नुसतं?"

"काय चिकटवणार?"

"कागद."

त्यांचा चेहरा एकदम मायाळू झाला. "कागद होय! मग ती स्टेशनरी झाली. स्टेशनरी पाहिजे तेवढी घ्या."

"भिंतीला लावायचा फुलाफुलांचा कागद असतो, तोही?"

"भिंतीचा असो नाहीतर पाकिटाचा असो, कागद तो कागद. किती ताव लिहू?"

मी रंगाऱ्याला विचारून चौदा रोल सांगितले. चार भिंतींना दहा पुरले असते, पण रंगारी म्हणाला, "सर, फुलाला फूल जुळवताना वाया जातो." चौदा रोल आले. पिवळी फुलं, मध्ये मध्ये एक पक्षी. पक्षी मला बघून हसतोय असं वाटत होतं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

"एक सांगून ठेवतो," हेडक्लार्क म्हणाले. "उरला तर परत करावा लागेल. आणि का उरला, त्याचं कारण तीन प्रतींत."

मी वर्गात येऊन जाहीर केलं, "गुरुवारी काहीही होवो, कागद उरता कामा नये." ही माझी दुसरी चूक. पहिल्या चुकीला ती अगदी फुलाला फूल जुळावी तशी जुळली.

गुरुवारी पाचला तपासनीसबाई आल्या. राखाडी कपडे, राखाडी पिशवी, हातात बंद छत्री. गेल्या अकरा वर्षांत त्यांनी कुणाला 'छान' म्हटलेलं नाही, अशी त्यांची ख्याती. नियमाबाहेरचं त्यांना काही खपत नाही म्हणे. त्यांनी फळ्यावरचे नियम दोनदा वाचले, वहीत उतरवून घेतले आणि शेवटच्या बाकावर बसल्या.

योजना अशी होती. रंगारी आणि पोस्टमास्तर कागद लावणार. शिंपीणबाई ट्रंकेतून नाटकातल्या राणीचा झगा काढून एका माणसाला नटवणार. तो माणूस मी. मानाचा प्रश्न होता, पण प्लास्टिकच्या ओळखपत्रासाठी मी राणीच काय, दासीही व्हायला तयार होतो.

रंगाऱ्याने पहिली पट्टी चिकटवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "वुई आर डूइंग अप द रूम!"

बरोबर होतं. पहिल्या झटक्यात. मी 'बरोबर' म्हणून तिथेच थांबलो असतो तर आज ही कथा नसती आणि मी गळ्यात काहीतरी लटकवून फिरत असतो. पण मला बाईंसमोर चमकायचं होतं. "आणखी मोठं वाक्य करा," मी म्हणालो.

तेवढ्यात दारात शिपाईमामा. "सर, हेडक्लार्कसाहेबांनी बोलावलंय. चौदा रोलांच्या पावतीवर सही जुळत नाही."

"साडेसहाला येतो म्हणावं."

"आत्ता म्हणाले. तपासणीच्या दिवशीच सापडलंय, म्हणून आत्ताच."

मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "सहीचं आधी बघा." त्यांच्या तोंडून आलेला तो हुकूमच होता. "दोन मिनिटांत येतो, चालू द्या!" असं वर्गाला सांगून मी पळालो. ही तिसरी. पुढच्या मी मोजल्या नाहीत.

हेडक्लार्कनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "रुजू होताना तुम्ही सही करताना खाली दोन टिंबं दिलीत. पावतीवर एकच आहे."

"साहेब, तेव्हा मला उत्साह होता."

"उत्साहाचं मला माहीत नाही. टिंब आणा."

"देतो की आत्ता."

"असं मागाहून देता येत नाही. सही बदलल्याचा अर्ज, मग जुनी सही तुमचीच असल्याचा दाखला, मग नवीन सहीचे सहा नमुने."

मी सहा नमुने केले. सहाही वेगळे आले. घाबरल्यावर माणसाची सही घाबरते. पुन्हा सहा. त्यातला तिसरा हेडक्लार्कना आवडला, पण तो मला पुन्हा जमेना. सुटलो तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

धावत वर्गाशी आलो. खोली क्रमांक तीन होती. खोली क्रमांक पाच होती. दोन्हींच्या मधे पिवळ्या फुलांची एक सलग, सुंदर भिंत होती आणि तिच्यावर एक पक्षी हसत होता. रंगारी शेवटच्या पट्टीवरून कोरडा कुंचला फिरवत होता. पोस्टमास्तर रिकाम्या रोलची नळी छातीशी धरून उभे होते.

"विथ ड्यू रिस्पेक्ट, सर," ते म्हणाले, "वुई आर पेपरिंग ओव्हर द डोअर."

तीन वर्षांत या वर्गात इतकं निर्दोष, आणि समोरच्या परिस्थितीला इतकं तंतोतंत लागू पडणारं वाक्य कुणी बोललं नव्हतं. माझे डोळे भरून आले. "बरोबर!" मी म्हणालो.

दोघांनी हात खाली टाकले आणि तिथेच जमिनीवर बसले.

मग मला सुचलं. "दार कुठे आहे?"

"वाक्यात आहे ना, सर," रंगारी म्हणाला.

"अहो, पण दाराला का लावलात?"

"आतल्या भिंती अकरा रोलांत झाल्या. तुम्ही येईनात. हात थांबवायचा नाही, कागद उरवायचा नाही. मग म्हटलं, बाहेरून घेऊ. फूल बघा कसं जुळलंय! बिजागरी कुठे होती ते तुम्ही ओळखा, सर, ओळखा."

मला ओळखता आली नाही. काम खरंच चोख होतं.

"आत कोण आहे?"

"शिंपीणबाई."

"देवा. आणि तपासनीसबाई कधी गेल्या?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "त्या कुठे जातील?" पोस्टमास्तर म्हणाले. घाबरून ते 'विथ ड्यू रिस्पेक्ट' विसरले, यावरून काय ते समजा.

मी नखांनी कागदाची कड शोधू लागलो. मागून आवाज आला, "हात लावू नका!" हेडक्लार्क नमुन्याची सातवी प्रत घेऊन आले होते. "भिंतीला लागला म्हणजे कागद वापरात आला. वापरातला कागद म्हणजे दप्तर. दप्तर फाडलंत तर मला वर कळवावं लागेल."

"साहेब, आत तपासनीसबाई अडकल्यात!"

"त्यांची आवक नोंदलेली आहे." त्यांनी शांतपणे वही उघडून दाखवली. "जावक झाली की तीही नोंदवू. त्याची काळजी करू नका."

मी इमारतीला वळसा घालून, बागेतल्या कुंड्यांवर पाय देत, मागच्या खिडकीशी गेलो. आत पाहिलं.

टेबलावर राणी उभी होती. जांभळा झगा, सोनेरी झालर, कानांच्या वर चढलेली ताठ कॉलर, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत पसरलेले आणि एका हातात बंद छत्री. शिंपीणबाई तोंडात टाचण्या धरून खाली झगा आवळत होत्या.

"आले गं बाई एकदाचे सर!" टाचण्यांतून शिंपीणबाई म्हणाल्या. "बोला हो बाई, आता बोला."

"आय ॲम ऑल ड्रेस्ड अप," तपासनीसबाई म्हणाल्या.

"ब... बरोबर," मी म्हणालो.

बाईंचे हात खाली आले. खांद्यांतून असा आवाज आला की बागेतली कबुतरं उडाली.

"हे वाक्य त्यांनी अकरा वेळा बरोबर म्हटलं हो," शिंपीणबाईंनी टाचण्या काढून सांगितलं. "पण मी कोण बरोबर म्हणणार? तिसरा नियम आहे. तुम्ही गेलात, मला नटवायला माणूस उरला नाही, हे दोघे कागदात गुंतलेले. बाई एकट्याच रिकाम्या बसलेल्या."

"मॅडम, मी फार फार दिलगीर..."

"शिंपीणबाईंनी योग्य केलं," तपासनीसबाई म्हणाल्या. "अधिकार नसताना कुणी काही ठरवू नये. मी दोनदा वाचलेत ते नियम." मग कॉलर सावरत त्यांनी विचारलं, "इथे आरसा आहे का?"

नव्हता. त्यांनी खिडकीच्या काचेत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. अर्धा वेळ त्या काचेत मीही येत होतो, म्हणून मी वाकलो.

झगा उतरवता येणार नव्हता, कारण टाचण्या आतून होत्या. बाई झग्यासकट खिडकीतूनच बाहेर आल्या. झग्याचा तीन हात लांब घोळ मी मागून धरला, आणि कुंड्या चुकवत आम्ही फाटकाकडे निघालो. पहारेकऱ्याने मला नेहमीचा वाकून नमस्कार घातला आणि बाईंना बघून तो तसाच वाकलेला राहिला. रस्त्यावर दोन सायकली एकमेकींवर आदळल्या. बाई कुणाकडेही न बघता, छत्री राजदंडासारखी धरून, वळणावर दिसेनाशा झाल्या. जावक हेडक्लार्कनी सहा वाजून सहा मिनिटांची लावली. रकान्यात 'पोशाख' असं काही नाही, म्हणून त्यांनी तेवढं सोडून दिलं.

ती रात्र आणि पुढचे आठ दिवस कसे गेले ते विचारू नका. आत्याने स्वेटर उसवून पुन्हा सुरू केला. काका रोज विचारत, "काढलं का तुला?"

अहवाल नवव्या दिवशी आला. शेरा 'उत्तम'. शेजारी कंसात एक शब्द होता आणि तो खोडलेला होता, पण उजेडासमोर धरला की 'छान' असा वाचता येत होता. मी उडीच मारली. मग खालचं वाचलं:

'शिक्षकांच्या अनुपस्थितीत विद्यार्थी सलग चाळीस मिनिटे, एक क्षणही न थांबता, शिकत व काम करत होते. शिक्षक परत आल्यावर काम थांबले. सबब वर्ग कायम करण्यात यावा. शिक्षकाची आवश्यकता दिसत नाही.'

मी तो कागद आत्यासमोर धरला.

"म्हणजे काहीतरी कायम झालं ना?" तिने विचारलं.

"वर्ग."

"मग मी कुठे खोटं बोलले?" म्हणून तिने टाका उचलला.

वर्ग आता बागेकडून भरतो. विद्यार्थी खिडकीतून आत जातात आणि बावीसच्या बावीस क्रियापदं बोलतात. पटावर बारावं नाव चढलंय, आणि त्या विद्यार्थिनी येताना आपला मुकुट घेऊन येतात. मी महिनाअखेरपर्यंतच आहे. म्हणून काल मी संस्थेकडे एक अर्ज केला. त्याची नक्कल खाली देतो, म्हणजे निदान कुणीतरी ती वाचली असं होईल.

'माननीय अध्यक्ष महोदय यांस, सविनय विनंती. संस्थेच्या सेवेत "अनुपस्थित शिक्षक" असे एक नवीन पद निर्माण करून त्यावर अर्जदारास कायम करण्यात यावे. सदर कामाचा अर्जदारास चाळीस मिनिटांचा अनुभव असून तपासणी अहवालात त्या कामगिरीस "उत्तम" शेरा मिळालेला आहे. उपस्थित असताना अर्जदाराकडून तीन वर्षांत असा निकाल लागलेला नाही. सोबत सहीचे सहा नमुने जोडले असून त्यांपैकी महोदयांना आवडेल तो ग्राह्य धरावा. नेमणूक झाल्यास पहिल्या दिवसापासून, विनाविलंब आणि न चुकता, अर्जदार गैरहजर राहील. कळावे.'